कूलर बंद केल्यावर

आमच्या विद्यापीठात दोन प्रकारची माणसं आहेत. एक संशोधन करणारी, आणि दुसरी मी. थोडं वाढवून सांगितलं. माझ्यासारखी आणखी दोघं-तिघं आहेत. पण बैठकीत "यंदा तुमचे शोधनिबंध किती?" हा प्रश्न फिरत फिरत माझ्या खुर्चीपाशी आला की सगळे खिडकीबाहेर बघायला लागतात, जणू तिथे मोर उतरलाय. मी सरळ सांगते, "शून्य. पण पहिल्या वर्षाची पोरं माझ्या तासाला मागच्या दाराने पळत नाहीत, तेवढं लिहून घ्या." कुणी लिहून घेत नाही, पण मला सांगायला आवडतं.

माझी नेमणूकच मुळी शिकवण्यासाठी आहे. पहिल्या आणि दुसऱ्या वर्षाला भौतिकशास्त्र, आणि दुपारी त्यांची प्रयोगशाळा. सकाळी पिंप्राळ्यातून स्कूटर काढायची, तोंडाला स्कार्फ गुंडाळायचा, डोळे तेवढे उघडे ठेवायचे आणि निघायचं. चौकातला किराणावाला मला या अवतारात इतकी वर्षं बघतोय की एकदा स्कार्फ न बांधता गेले तर त्याने ओळखलंच नाही. नवरा म्हणतो, "इतक्या वर्षांत तीच ती लंबकाची गोष्ट सांगून कंटाळा येत नाही का गं तुला?" अहो, लंबक तोच असतो, पण त्याच्याकडे बघणारं तोंड दर वर्षी नवं असतं ना! मला नाही येत कंटाळा. खरंच नाही येत.

कंटाळा येतो तो एकाच गोष्टीचा. रीडिंग बसवण्याचा.

ज्यांनी कधी विज्ञानाची प्रयोगशाळा पाहिली नाही त्यांच्यासाठी सांगते. प्रयोग करायचा, आकडे घ्यायचे, त्यावरून उत्तर काढायचं, असा शिरस्ता आहे. आमची पोरं उलट्या दिशेने येतात. पुस्तकातलं उत्तर आधी लिहितात, मग गणित मागे मागे नेत आकड्यांपर्यंत पोचतात, आणि ते आकडे तक्त्यात ऐटीत मांडतात. उपकरणाला हात लागला तर लागला. याला म्हणतात रीडिंग बसवणं. यात कुणाला काही गैर वाटत नाही. वरच्या वर्गातली पोरं खालच्यांना हे प्रेमाने शिकवतात, आंब्याच्या लोणच्याची कृती सांगावी तसं.

आणि या बसवाबसवीचा राजा म्हणजे आवाजाच्या वेगाचा प्रयोग. प्रयोग सोपा आहे आणि माझा फार लाडका आहे. एक उंच काचेची नळी असते, तिच्यात पाणी. ट्यूनिंग फोर्क, म्हणजे दोन दातांचा पोलादी चिमटा, रबरावर आपटून वाजता करायचा आणि नळीच्या तोंडाशी धरायचा. मग नळीतलं पाणी हळूहळू खाली सोडायचं. एका जागी आवाज असा काही भरून येतो की अंगावर काटा येतो. आणखी खाली गेलं की दुसऱ्यांदा येतो. या दोन जागांमधलं अंतर मोजलं की हवेत आवाज किती वेगाने पळतो ते निघतं. कान असला की झालं.

पण कानाला शांतता लागते, आणि तिथेच घोडं पेंड खातं. परीक्षा येते ऐन उन्हाळ्यात. जळगावचा उन्हाळा कसा असतो हे मी काय सांगणार? प्रयोगशाळा वरच्या मजल्यावर, डोक्यावर तापलेला स्लॅब, आणि कोपऱ्यात एक अगडबंब कूलर. तो सुरू असला की विमान उडाल्यासारखा आवाज करतो. तो बंद केला तर फोर्क ऐकू येतो, पण कूलर बंद करायचं नाव काढलं तर पोरं मला उचलून बाहेर ठेवतील. म्हणून कूलर चालू राहतो, फोर्क कुणालाच ऐकू येत नाही, आणि सगळ्यांचं उत्तर येतं सेकंदाला तीनशे सत्तेचाळीस मीटर. दर वर्षी.

हा आकडा कुठला? माझ्या नेमणुकीच्याही आधीपासून प्रयोगशाळेत एक नमुन्याचा कागद होता, प्लॅस्टिकमध्ये मढवलेला. कुठल्यातरी थंड गावच्या पुस्तकातून उतरवलेला. त्यावर लिहिलं होतं, कक्ष तापमान सत्तावीस अंश, वेग तीनशे सत्तेचाळीस. मी तो कागद माझ्या हाताने फाडून कचऱ्यात टाकला. काय उपयोग? तो पोरांच्या फोनमध्ये कधीच जाऊन बसला होता. कपाळावरचा घाम वहीवर टपटप पडतोय, आणि त्याच वहीत लिहितायत, कक्ष तापमान सत्तावीस! हसावं की रडावं?

दर वर्षी पहिल्याच प्रात्यक्षिकाला मी बजावते, "जे दिसेल, जे ऐकू येईल, तेच लिहायचं. उत्तर पुस्तकासारखं नाही आलं तरी चालेल. माझ्या प्रयोगशाळेत खरं लिहून कुणाचं नुकसान होणार नाही." पोरं माना डोलावतात. आणि बसवतात.

त्या वर्षी मात्र एका मुलीने माझं बोलणं मनावर घेतलं.

एरंडोलकडच्या एका खेड्यातून रोज एसटीने यायची. घरी कापसाची शेती. वर्गात तोंडातून शब्द काढायची नाही, पण प्रयोगाच्या टेबलापाशी उभी राहिली की रंगात यायची आणि एकदम अहिराणीत बोलायला लागायची. दर वेळी वही घेऊन माझ्यापाशी यायची आणि विचारायची, "मॅडम, जे आलं तेच लिहू ना?" मी म्हणायचे, "अगं हो बाई, तेच लिही." मग खूश होऊन जायची.

एकदा मी विचारलं, "तुला पुढे काय करायचंय?" म्हणाली, "मॅडम, माले फिजिक्सच पाहिजे. आमच्या कॉलेजात बारावीला फिजिक्सला सरच नव्हते. जागा रिकामी होती. मी एकटीने वाचलं. मला त्या जागेवर बसायचंय." असं सरळ सांगून टाकलं तिने. मला फार आवडलं ते.

पण फिजिक्स असं सहज मिळत नाही. आमच्याकडे दुसऱ्या वर्षाला मुख्य विषय मिळतो तो पहिल्या वर्षाच्या गुणांवर, आणि भौतिकशास्त्राच्या जागा मोजक्या. ही मुलगी बरोबर काठावर होती. लेखी परीक्षेत इंग्रजीने तिला मार दिला होता. प्रात्यक्षिकाला चांगले गुण पडले तर फिजिक्स, नाहीतर जे उरेल ते घ्यायचं. तिला हे माहीत होतं आणि मलाही.

प्रात्यक्षिकाच्या परीक्षेला दोन परीक्षक असतात, एक घरचा आणि एक बाहेरचा. घरची मी. बाहेरचे म्हणून धुळ्याच्या एका कॉलेजातले सर यायचे, निवृत्तीला आलेले, पांढरा शर्ट, खिशाला दोन पेनं. माणूस एकदम सज्जन. दुपारच्या शेवभाजीच्या तिखटाचं कौतुक करणार, प्रयोगशाळेतल्या शिपाईदादांच्या मुलांची चौकशी करणार. पण तपासताना फक्त शेवटचा आकडा बघायचे. आकडा पुस्तकाच्या जवळ तर गुण चांगले, लांब तर गुण कमी. "मॅडम, आकडा बोलतो," असं म्हणायचे. वयाने मोठे, म्हणून मी वाद घालत नसे.

त्या दिवशी चिठ्ठ्या उचलल्यावर आवाजाच्या वेगाचा प्रयोग चौघांना आला. त्यात ही. थोड्या वेळाने माझ्यापाशी आली. "मॅडम, कूलर बंद करता येईल का? ऐकू येत नाही."

सगळ्या हॉलने तिच्याकडे असं बघितलं की जणू तिने पाणी तोडायची भाषा केली. बाकी पोरं भिंगं, लंबक, बॅटऱ्या घेऊन बसली होती, त्यांना कानाशी काय घेणं? मी म्हटलं, "मागच्या अंधाऱ्या खोलीत घेऊन जा नळी." ही खोली प्रकाशाच्या प्रयोगांसाठी आहे. खिडकी नाही, पंखा नाही. तिने शिपाईदादांच्या मदतीने स्टँड आत ओढत नेला आणि दार लावून घेतलं. बाहेर आली तेव्हा चेहरा लालबुंद, ओढणी भिजून चिंब. पण डोळे चमकत होते.

सरांनी चौघांच्या वह्या ओळीने घेतल्या. तीनशे सेहेचाळीस. तीनशे सत्तेचाळीस. तीनशे सत्तेचाळीस. मग हिची. तीनशे सत्तावन्न.

"बेटा, हा आवाज आहे की एक्सप्रेस गाडी?" सर म्हणाले. हॉलमध्ये खसखस पिकली.

"सर, तेवढंच आलं."

"बाकीच्यांचं बघ की. तशाच नळ्या, तसेच फोर्क. तुझ्याच नळीत काय भूत बसलंय?"

तिचा आवाज बारीक झाला. "सर, मी परत परत करून पाहिलं. दर वेळी तेच येई ऱ्हायनं."

सरांनी मान हलवली आणि पेन्सिलने गुण मांडले. मी वाकून पाहिले. पास होईल एवढे होते, पण फिजिक्सची जागा जाईल एवढेच होते. आणि बसवाबसवी करणाऱ्या तिघांना भरभरून.

तिने माझ्याकडे पाहिलं. वर्षभर "जे आलं तेच लिही" म्हणणारी मी तिच्यासमोर उभी होते. माझं डोकं असं फिरलं म्हणून सांगू! पण परीक्षेच्या हॉलमध्ये, पोरांसमोर, वडीलधाऱ्या माणसाशी भांडून काय होणार? ते आणखी अडून बसले असते. मी गोड आवाज काढला. घरी हा आवाज काढला की नवरा सावध होतो.

"सर, ती पेन्सिल राहू द्या जरा. आत चला."

"आत? त्या भट्टीत? कशाला?"

"ऐकायला."

सर कुरकुरले, पण उठले. आम्ही तिघं त्या खोलीत शिरलो. दार लावल्यावर कूलरची घरघर एकदम तुटली. भिंतीला थर्मामीटर होता. मी म्हटलं, "सर, आधी हे वाचा." त्यांनी वाचलं. चष्मा काढला, पुसला, परत वाचलं. त्रेचाळीस. मी तिच्या वहीतली वरची ओळ दाखवली. तिथेही त्रेचाळीसच लिहिलं होतं. ती ओळ कुणी वाचतच नाही ना, सगळ्यांना शेवटचा आकडा हवा असतो.

सरांनी स्वतः फोर्क उचलला, रबरावर आपटला आणि नळीच्या तोंडाशी धरून कान खाली नेला. मुलगी सावकाश पाणी सोडत होती. पहिल्यांदा आवाज भरून आला तेव्हा सर "हं" म्हणाले. पाणी आणखी खाली गेलं, आणि सर एकदम ओरडले, "थांब! थांब! हे बघ, हेच!" लहान मुलासारखा चेहरा झाला होता त्यांचा. किती वर्षांनी त्यांनी फोर्कला कान लावला होता कोण जाणे. अंतर मोजलं, गणित केलं. तीनशे छप्पन्न.

तापलेल्या हवेत आवाज जास्त वेगाने पळतो, हे त्यांनी हजार वेळा फळ्यावर लिहिलं असणार. त्रेचाळीस अंशाला किती यायला हवा, ते त्यांनी तिथेच हातावर पेनाने मांडलं. मुलीच्या उत्तराशी जुळत होतं. मनगटाने घाम पुसला तर निम्मं गणित पुसलं गेलं. ते वळले आणि दार उघडून तडक बाहेर गेले.

बाकीच्या तिघांपैकी पहिल्या पोरापुढे जाऊन उभे राहिले. "वाजव बरं. मला ऐकव."

त्याने बिचाऱ्याने फोर्क आपटला. कूलर घरघरत होता.

"तुला ऐकू आलं?"

"थोडं थोडं, सर."

"मला तर काहीच नाही आलं. आणि कक्ष तापमान सत्तावीस कुठून आणलंस?"

"सर, सगळे तेच लिहितात."

"घाम पुसत पुसत सत्तावीस लिहितोस?"

सरांचा आवाज चढला होता. तिघांची पाचावर धारण बसली. सरांनी पेन्सिल ठेवून पेन काढलं. आता तिन्ही वह्यांवर भोपळे पडणार हे मला दिसत होतं, आणि खरं सांगते, मला थोडा आनंदही होत होता. बरं झालं, म्हटलं, एकदाची अद्दल घडेल.

तेवढ्यात मागून तीच मुलगी म्हणाली, "सर, कूलर बंद केला तर त्यांनाही ऐकू येईल."

एवढंच बोलली. तिघांचे गुण पडले असते तर तिची जागा पक्की होती. हे तिला कळत नव्हतं असं नाही; ती काठावर उभी होती, तिला सगळं कळत होतं. सरांनी माझ्याकडे बघितलं. मला माझ्या त्या आनंदाची लाज वाटली आणि मी जोरात म्हटलं, "दादा, कूलर बंद करा!"

हॉलमध्ये एकच ओरड झाली. "मॅडम, मरी जासूत!" मी म्हटलं, "कुणी मरत नाही. पाणी प्या आणि गप्प बसा." कूलरचा पंखा फिरत फिरत थांबला, आणि मग ती शांतता! बाहेरच्या निंबावर कबुतरं घुमत होती ते ऐकू आलं. तीन फोर्क वाजायला लागले. पहिल्याचं उत्तर आलं तीनशे पन्नास. दुसऱ्याचं बावन्न. खोली तापत चालली होती, सगळ्यांचे शर्ट पाठीला चिकटले होते, आणि तिसऱ्याचं आलं चोपन्न. तो नळीपाशी उभ्या उभ्या ओरडला, "मॅडम, खोली तापी ऱ्हायनी, तसा आकडा बी वाढी ऱ्हायना!"

सगळंच काही तापमानामुळे वाढलं नसेल. थोडं पोरांच्या उत्साहामुळेही वाढलं असेल. मिलीमीटरचा मामला आहे. पण भिंगवाले भिंगं टाकून आले, लंबकवाले लंबक लोंबकळता ठेवून आले, आणि सगळे नळ्यांभोवती गर्दी करून कान लावून बसले. परीक्षा चालू आहे हे कुणाच्या लक्षातच राहिलं नाही. मला विचाराल तर नोकरीतली ती सगळ्यात सुखाची दुपार. शोधनिबंध गेला खड्ड्यात.

सरांनी चौघांनाही चांगले गुण दिले. मुलीचे पेन्सिलचे गुण खोडरबराने पुसले आणि पेनाने जे लिहिले ते तिघांपेक्षा वर होते. नंतर यादी लागली तेव्हा फिजिक्समध्ये तिचं नाव होतं, अगदी खालून दुसरं. ती पळत माझ्या केबिनमध्ये आली आणि "मॅडम!" एवढंच म्हणाली. मी म्हटलं, "आता इंग्रजी सुधार." आणि मग मला रडू आलं, म्हणून तिला चहा आणायला पिटाळलं.

पण त्या परीक्षेच्या संध्याकाळचं सांगायचं राहिलं. वह्यांवर सह्या झाल्या, पोरं गेली. सर धुळ्याला निघायच्या आधी चहाचा कप हातात धरून नुसतेच बसले होते. चहा निवत होता.

"मॅडम, एक विचारू? धुळ्याचा उन्हाळा काय कमी आहे?"

"नाही हो, सर."

"आमच्याकडेही परीक्षा मे महिन्यातच. दर एक-दोन वर्षांनी एखादं पोर यायचंच असं. तीनशे छप्पन्न, तीनशे अठ्ठावन्न. मी म्हणायचो, नळी गळत असेल, कान खराब असेल. गुण कापायचो." मग म्हणाले, "एक तर भांडलाच माझ्याशी. सर, मी खरंच ऐकलंय, म्हणाला. मी त्याला उद्धट ठरवलं. त्याने विषयच सोडला पुढे."

"कुठे असतो आता?"

"पारोळा रोडला मोबाईलचं दुकान आहे त्याचं. मी तिथेच जातो. माझा फोन तोच दुरुस्त करून देतो. एकदासुद्धा त्याने तो विषय काढला नाही."

मी म्हटलं, "मग सांगा की त्याला."

"आता? इतक्या वर्षांनी? काय म्हणेल तो?"

"सर, ते तुम्हाला त्यालाच विचारावं लागेल."

ते हसले, पण हसू काही जमलं नाही. कप तसाच ठेवून गेले.

जूनमध्ये एका दुपारी त्यांचा फोन आला. मी घरी होते, आमचा कूलर जोरात सुरू होता. एक शब्द कळेना. "थांबा सर, कूलर बंद करते," मी म्हटलं आणि बटण दाबलं.

"सांगितलं त्याला," सर म्हणाले.

"मग? काय म्हणाला?"

"दुकानात गिऱ्हाईक होतं. तो कुणाच्या तरी फोनला काच बसवत होता. मी सगळं सांगितलं, तापमान, वेग, तुमची ती मुलगी, सगळं. तो काच बसवतच राहिला. मला वाटलं, ऐकलंच नाही याने."

"आणि मग?"

"मग मान वर न करता म्हणाला, 'सर, माले तव्हाच माहीत व्हतं.' आणि गिऱ्हाईक गेल्यावर माझ्यासाठी स्टूल पुढे सरकवलं."